मिरचीला कुलूप

गोदामातली मिरची ठीक आहे की नाही, हे कांडपवाल्या मावशींना नाकाने कळायचं. सकाळी दार किलकिलं केलं की आतला ठसका सरळ वर चढायचा. मावशी दोन दणदणीत शिंका द्यायच्या, पदर नाकाला लावायच्या आणि समाधानाने चहाला जायच्या. ठसका आहे म्हणजे माल जागा आहे. ठसका गेला आणि कुबट वास आला की समजायचं, माल झोपला. झोपलेली मिरची पुन्हा उठत नाही.

मावशींचं कांडप बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होतं. पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये विजेवर नाचणारी लोखंडी मुसळं, मागे फरशीचं अंगण आणि अंगणाच्या टोकाला गोदाम. हंगामात लाल मिरची घ्यायची, उन्हात घालायची, गोदामात भरायची आणि वर्षभर कुटून तिखट विकायचं. धंद्यात गोम एकच. मिरची घ्यायला पैसा लागतो तो एका घासात, आणि परत येतो तो वर्षभर चिमटीचिमटीने. ही मधली दरी भरून काढायला बाजारात आडत्या शेठ होते. शेठ मागताक्षणी पैसे देत. बदल्यात ढिगातली गडद, लांबसडक मिरची ते स्वतःच्या भावाने आधी उचलत आणि उरलेल्या चुऱ्यावर मावशींनी वर्षभर व्याज फेडायचं. वर पुन्हा शेठ कुटुंबाची चौकशी करत. तेवढं मात्र फुकट असे.

"ह्या माणसाच्या तावडीतून सुटले ना, तर गल्लीत साखर वाटीन," मावशी नवऱ्याला म्हणत.

"कांडपातली साखर कोण खाणार?" काका विचारत. काका मशीनचे पट्टे बदलत, पोती शिवत आणि बायकोच्या रागाला वंगण घालत.

त्या वर्षी बँकेच्या दारावर एक पोस्टर लागलं. छोट्या व्यापाऱ्यांना आणि प्रक्रिया करणाऱ्यांना मालाच्या तारणावर कर्ज. पोस्टरवर एक बाई टोमॅटोची टोपली घेऊन खळखळून हसत होती. तिचं मंजूर झालं असावं.

बँकेतले साहेब तरुण होते, हसतमुख होते आणि कशालाच नाही म्हणत नव्हते. नाही म्हणायचं असलं की ते "धोरण" म्हणत. त्यामुळे बाजारात त्यांचं नाव धोरणसाहेब पडलं ते पडलंच.

"मॅडम, सगळं सोपं आहे," धोरणसाहेब म्हणाले. "माल तुमचा, गोदाम तुमचं. फक्त कुलूप आमचं."

"आणि व्याज?"

साहेबांनी सांगितलं ते ऐकून मावशींनी काकांकडे पाहिलं. शेठ ज्याला व्याज म्हणत त्याच्यापुढे हे म्हणजे पानाच्या टपरीवरची सुटी बडीशेप होती.

मावशींनी शेतकऱ्यांना आठ दिवसांच्या बोलीवर थांबवून मिरची उचलली. शेठला त्या वर्षी ढिगाजवळ फिरकू दिलं नाही. अंगण लाल झालं. पहिल्या उन्हानंतर मिरची खुळखुळायला लागली, पण देठाशी अजून मऊ होती. तेवढ्यात धोरणसाहेब काटा घेऊन हजर.

"आज वजन करू, आज भरू, आजच कर्ज खात्यात."

"साहेब, मिरचीला अजून दोन उन्हं हवीत."

"मॅडम, महिना आज संपतो. माझं टार्गेटही आज संपतं. आणि मला सांगा, वाळली की वजन वाढेल की घटेल?"

"घटेल."

"मग कर्जही घटेल. मी तुमच्याच भल्याचं सांगतोय."

इथे मावशी चुकल्या. पण ही चूक धोरणसाहेबाला कधी करता आली नसती, तिला मिरचीत जन्म काढावा लागतो. कांडपवाल्यांच्या लेखी गोदाम ही तिजोरी नसते, पाळणा असतो. सकाळी माल बाहेर काढायचा, ऊन दाखवायचं, उलथायचा, संध्याकाळी आत घ्यायचा. मावशींनी मनाशी धरलं, आज साहेबाचं समाधान होऊ दे, उद्या सकाळी पोती काढून उरलेली दोन उन्हं देऊन टाकू. कुलूप चोरासाठी असतं, अशी त्यांची जन्माची समजूत होती. चोराच्या यादीत आपलं नाव पहिलं आहे हे त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

दाराला दोन कुलपं होती आणि दोन्हींतून ओवलेली एक तार. तारेच्या गाठीवर लाल प्लास्टिकचं सील. खाली पाटी : 'तारण माल. हात लावू नये.' शेतकऱ्यांचे पैसे चुकते झाले होते, त्यामुळे तक्रार करायला तोंडही उरलं नव्हतं.

किल्ल्या बँकेकडेसुद्धा नव्हत्या. बँकेने ते काम एका कंपनीला दिलं होतं आणि कंपनीने एका टक्कल पडलेल्या गृहस्थाला. हा किल्लीवाला मोटारसायकलवरून गावोगावची गोदामं फिरे. कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा की चालला तर बैल आल्यासारखं वाटे. पण त्याला उघडायची परवानगी नव्हती. त्याचं काम सीलचा फोटो काढायचं. फोटोत तारीख दिसावी म्हणून तो त्या दिवशीचं वर्तमानपत्र सीलशेजारी धरी.

"मावशी, सील एकदम झकास आहे," तो दर वेळी सांगे.

"आणि मिरची?"

"मिरचीचं मला विचारलेलं नाही."

मावशी रोज सकाळी दाराच्या फटीला नाक लावत. काही दिवस शिंका नेमाने आल्या. मग दोनची एक झाली. आणि एका सकाळी त्या नाक लावून उभ्या राहिल्या, तर काहीच झालं नाही.

"अहो," त्यांनी हाक मारली, "मला शिंक आली नाही."

"सर्दी झाली असेल."

"सर्दी झाली की शिंका येतात, अहो! तुम्ही लावा नाक."

काकांनी लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. मग ते हळूच मागे सरकले आणि पहिल्यांदाच त्यांना विनोद सुचला नाही. "कुबट येतोय," ते म्हणाले.

मावशी तशाच बँकेत गेल्या. हाताला तिखट तसंच, चपला तशाच.

"साहेब, माल आतल्या आत घामेजतोय. दार उघडा. एक दिवस ऊन दाखवते, तुमच्या माणसासमोर. संध्याकाळी पुन्हा कुलूप घाला, वर आणखी दोन घाला."

"नक्की उघडू. फक्त नुकसान होतंय याचा नमुना आणा."

"नमुना आत आहे."

"मग पाहणी अहवाल लागेल."

"कोण देतं?"

"किल्लीवाला."

"तो म्हणतो, त्याने फक्त बाहेरून बघायचं."

"बरोबर आहे. आत जायला त्याला आमचा आदेश लागतो."

"मग द्या आदेश."

"आदेशाला आधार लागतो ना, मॅडम. पाहणी अहवाल." साहेब हसले. ते कुत्सित हसले असते तर मावशींना बरं वाटलं असतं. ते अगदी मनापासून हसले. "नाहीतर सगळ्यात सोपं सांगू? कर्ज फेडून टाका. त्याच दिवशी दार उघडतं."

"फेडायला मिरची विकावी लागेल."

"विका की."

"ती आत आहे, साहेब."

"हो, ते आहेच," साहेब म्हणाले आणि त्यांनी मावशींसाठी चहा मागवला.

विम्याचंही विचारून झालं. आग लागली तर भरपाई होती. चोरी झाली, पूर आला, छप्पर कोसळलं, तरी होती. मालाच्या अंगच्या ओलीची मात्र नव्हती. "पाणी बाहेरून आलं असतं तर काहीतरी करता आलं असतं," साहेब हळहळले. मावशींनी चहा घेतला नाही. मिरचीच्या धंद्यात उभं आयुष्य काढलेल्या बाईच्या डोळ्यांत त्या दिवशी पहिल्यांदा मिरचीशिवाय पाणी आलं. ते रागाचं होतं. साहेबांना वाटलं, एसीमुळे.

परत येताना शेंगाभाऊजी भेटले. शेजारच्या शेडमध्ये ते शेंगा फोडून दाणे विकत. त्यांनीही तेच कर्ज घेतलं होतं, त्याच दिवशी, त्याच घाईत. आत्ता ते फडक्याने आपलं सील पुसत होते.

"भाऊजी, तुमच्या गोदामाला वास येतोय का?"

"येतोय थोडा."

"मग?"

"साहेबांनी सांगितलंय, हात लावायचा नाही. एवढा मोठा माणूस आपल्यावर विश्वास टाकतो, वहिनी. पहिल्यांदाच कुणीतरी शेठच्या दारातून उठवून खुर्चीत बसवलं. आपणही मान ठेवायला हवा."

"अहो, शेंगा काळ्या पडतील."

"सील तरी लाल राहील," भाऊजी म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

पुढच्या खेपेला किल्लीवाला आला तेव्हा भरदुपार होती. मावशी गोदामाच्या दाराशी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात मुसळ होतं. मशीनमधलं नव्हे. सासूबाई ज्याने हाताने कांडत ते, टोकाला लोखंडी कडं बसवलेलं. ते एरवी शेडच्या कोपऱ्यात उभं असे आणि काका त्याला अंगरखा अडकवत. आज अंगरखा काकांच्या अंगात होता आणि काका एका बाजूला रिकामी पोती अंथरत होते.

"फोटो काढ," मावशी म्हणाल्या.

किल्लीवाल्याने वर्तमानपत्र धरलं, फोटो काढला. "झकास आहे सील."

"आता बाजूला हो. आणखी एक काढायचाय."

"मावशी, नका हो. माझी नोकरी जाईल."

"तुझी नोकरी काय आहे? दाराकडे बघायचं आणि दिसेल त्याचा फोटो काढायचा. मग बघ आणि काढ. पेपर नीट धर, तारीख दिसू दे. उद्या कुणी म्हणायला नको, बाईने अंधारात तोडलं."

पहिल्या घावाला सील तडकलं. दुसऱ्याला वरचं कुलूप गेलं. खालचं जरा चिवट निघालं. मावशी एकेका घावाला एकेक शब्द टाकत होत्या. "नमुना. अहवाल. आदेश. आधार." आधाराला कुलूप तुटलं. किल्लीवाल्याने प्रत्येक घावाचा फोटो काढला. माणूस मुळात कामसू होता.

दार उघडलं. मावशी आत गेल्या, श्वास घेतला आणि थांबल्या. मग आतून त्यांचा आवाज आला. "तळची थप्पी गेली. वरची वाचेल. उचला!"

गल्ली धावली. शेजारपाजारच्या बायका, हमाल, पट्टे दुरुस्त करणारा मिस्त्री, सगळे पोती ओढायला लागले. किल्लीवाल्यानेही मोबाइल खिशात घातला आणि एका पोत्याला खांदा दिला. फक्त शेंगाभाऊजी आपल्या दारातून बघत राहिले. एकदा त्यांनी आपल्या सीलकडे पाहिलं, एकदा मुसळाकडे, आणि आत जाऊन बसले.

धोरणसाहेब आले तेव्हा अंगण काठोकाठ लाल झालं होतं. पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते कडेला बुटांच्या टाचांवर उभे राहिले.

"मॅडम, हे तारण आहे! तुम्ही बँकेच्या तारणाला हात लावलाय. मला पोलिसांत जावं लागेल."

मावशी वाकून मिरची उलथत होत्या. त्या सरळ झाल्या. आतापर्यंत त्या साहेबांना अहोजाहो करत आल्या होत्या.

"जा," त्या म्हणाल्या. "आत्ताच जा. आणि पोलिसांना इथेच घेऊन ये, त्यांनाही उलथायला लावते. अरे, तुझ्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं होतं मी. एक दिवसाचं ऊन मागितलं. पैसे मागितले नाहीत, माफी मागितली नाही, ऊन मागितलं! तेही तुझ्या बापाचं नव्हतं."

"मॅडम, धोरण..."

"धोरण तुझ्या घरी कूट. तुला मिरची नकोच होती कधी. सडली असती तरी तू फोटो बघून झोपला असतास. तुला कुलूप हवं होतं." त्यांनी पायरीवरचं तुटकं कुलूप उचललं, त्याला तार आणि लाल सील लोंबत होतं, आणि साहेबांच्या हातात कोंबलं. "हे घे तुझं तारण. पूर्ण भरलं. पावती नको मला."

साहेबांना काहीतरी उत्तर द्यायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि उन्हाने जागी झालेली मिरची सरळ त्यांच्या नाकात शिरली. ते इतके शिंकले की ड्रायव्हरने त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. मावशींनाही दोन आल्या. दणदणीत.

तळची थप्पी खड्ड्यात गेली. बाकीची मिरची वाचली. मावशींनी आणि काकांनी मशीन थांबू न देता कांडलं, जवळच्या मसालेवाल्याला भाव थोडा पाडून विकलं आणि मुदतीच्या आत कर्ज फेडलं, व्याजासकट. पैसे आल्यावर बँकेने पोलिसांचा विषय काढला नाही, कारण पैसे भरलेल्या माणसाला पकडल्यावर पुढे काय करायचं याचं धोरण नव्हतं. पण मुदतीआधी फेडल्याचा दंड घेतला. सील तोडल्याचा दंड घेतला. सीलची किंमत वेगळी घेतली.

"तुमची परतफेड उत्तम आहे, मॅडम," धोरणसाहेब म्हणाले. त्यांच्या टेबलावर ते तुटकं कुलूप पुरावा म्हणून ठेवलं होतं आणि त्याखाली कागद दाबले होते. "वर्तणूक मात्र जोखमीची आहे. तशी नोंद झालीय. आता पुढे कर्ज नाही, आमच्याकडेही नाही आणि दुसऱ्या कुठल्या बँकेतही नाही."

"आणि सडवली असती तर?"

"तर नुकसान झालं असतं. नोंद खराब झाली नसती."

त्यानंतर बँकेने आदर्श कर्जदाराचा सत्कार ठेवला. मावशींना आणि काकांनाही बोलावलं होतं, कारण मोठे साहेब येणार होते आणि खुर्च्या रिकाम्या दिसायला नको होत्या. व्यासपीठावर शेंगाभाऊजी. अंगात इस्त्रीचा सदरा, चेहऱ्यावर नवरदेवाची कळा. मागच्या पडद्यावर त्यांच्या सीलचे फोटो एकामागून एक सरकत होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे सारखेच, फक्त वर्तमानपत्र बदलत होतं. मोठे साहेब म्हणाले, शिस्त म्हणजे काय ते ह्यांच्याकडून शिकावं. टाळ्या पडल्या. भाऊजींच्या हातात काचेच्या चौकटीतलं सन्मानपत्र आलं.

मावशी उठल्या. "साहेब, ह्यांच्या शेंगा कुणी बघितल्यात का?"

मोठ्या साहेबांनी धोरणसाहेबांकडे पाहिलं.

"प्रश्नोत्तरं चहानंतर," धोरणसाहेब म्हणाले.

चहानंतर मोठे साहेब निघून गेले.

मुदत भरली तेव्हा भाऊजींचं गोदाम सन्मानाने उघडलं गेलं. किल्लीवाल्याने दोन्ही किल्ल्या एका फटक्यात शोधल्या. दार उघडलं आणि आतून एक हिरवट धूर निघाला. शेंगांचा खडा झाला होता, काळा, केसाळ. बँकेने पंचनामा केला. त्यात सील सुस्थितीत असल्याचं दोनदा लिहिलं आणि घटलेल्या किमतीची वसुली भाऊजींच्या घरावर लावली. सन्मानपत्र परत मागितलं नाही, एवढं खरं.

भाऊजी ती चौकट घेऊन मावशींच्या शेडमध्ये आले. मशीनची मुसळं आपटत होती.

"वहिनी, त्या दिवशी तुम्ही मला हाक का नाही मारली?"

"तुमचं कुलूप होतं, भाऊजी. ते तुम्हीच तोडायचं."

भाऊजींनी मान हलवली. पाणी मागितलं, प्यायले. चौकट तिथेच विसरून गेले. काकांनी ती मुसळाशेजारी भिंतीला टेकवली. "काच चांगली आहे," ते म्हणाले.

पुढचा हंगाम आला. बँकेचं दार बंद होतं, म्हणजे मावशींसाठी. भाऊजींसाठी तर उरलंसुरलं सगळंच बंद होतं. दोघं एका सकाळी आडत्या शेठच्या पेढीत जाऊन बसले. शेठ उठून सामोरे आले.

"या, या! माहेरवाशिणीला आणि भाच्याला घर कधी परकं असतं का? काका कसे आहेत? मिस्त्रीने पट्टे बसवले का?" त्यांनी सगळी चौकशी पुरी केली. "पैसे तयार आहेत. तुमच्यासाठी नाही तर कोणासाठी? पहिली उचल माझी, ते तर ठरलेलंच. व्याज जुनंच, फक्त वाढलंय."

"कळलं," मावशी म्हणाल्या.

"आणि एक बारीक गोष्ट." शेठनी गल्ल्याचा खण ओढला. त्यातून एक कोरं करकरीत कुलूप काढलं, तारेची गुंडाळी काढली आणि लाल प्लास्टिकच्या सीलांची पिशवी काढली. "काळाबरोबर चालायला हवं, ताई. बँकेचं बघितलं, मलाही पटलं. माल तुमचा, गोदाम तुमचं. फक्त कुलूप माझं." मग ते आतल्या खोलीकडे बघून ओरडले, "अहो, या बाहेर!"

आतून जुडगा वाजला. बाहेर आला तो किल्लीवाला. कंपनीने शेठचंही काम घेतलं होतं. त्याने मावशींना पाहिलं, हात जोडले आणि फरशीकडे बघत उभा राहिला.

मावशींनी कुलूप उचललं. तळहातावर तोललं, जशी त्या मिरचीची मूठ तोलून भाव सांगत.

"बँकेच्यापेक्षा हलकं आहे," त्या म्हणाल्या.

"पण नवीन आहे!" शेठ म्हणाले.

"एका घावात जाईल. आत्ताच सांगून ठेवते शेठ, मागाहून म्हणू नका. ऊन लागेल त्या दिवशी जाईल."

"वहिनी," भाऊजी खालच्या आवाजात म्हणाले, "मुसळ शेडमध्येच आहे ना? मलाही लागेल."

शेठ मनापासून हसले. बाई विनोदी आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. हसत हसतच त्यांनी नोटा मोजायला घेतल्या.

किल्लीवाला हसला नाही. त्याने मुकाट्याने मोबाइल काढला आणि चार्जिंग किती आहे ते पाहिलं.